वरंब्यावरची छोटी गाडी

कारखान्याचा भोंगा झाला की माझा हात आजही जमिनीकडे जातो. जवळ जी मोटार उभी असेल तिच्यापाशी मी वाकतो, तिच्या पोटाखाली हात घालतो आणि जमिनीपासून ती किती वर आहे ते बोटांनी मोजतो. नातीला वाटतं, आजोबांचं काहीतरी खाली पडलंय. परवा तिनं विचारलंच. मी म्हटलं, काही पडलं नाही गं, हंगाम सुरू झाला.

हंगाम म्हणजे आमच्याकडे एकच. उसाचा. सातारा-सांगलीकडच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाला गेला, सकाळी नदीवर धुकं दिसू लागलं, की एके पहाटे भोंगा होतो आणि दुसऱ्या दिवसापासून वाऱ्याला मळीचा वास येतो. तो वास चांगला की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. परगावाहून आलेले पाहुणे नाकाला रुमाल लावतात. मला मात्र त्या वासानं एक रस्ता दिसतो. कच्चा, धुळीचा, दोन्ही बाजूंना उसाच्या वाढ्यांचा आणि पाचटाचा सडा पडलेला. आणि त्या रस्त्याच्या कडेला धुवट पांढऱ्या शर्टात उभा असलेला एक तरुण पदवीधर.

आता तो रस्ता डांबरी आहे. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून त्याच्यावरून जातात. तेव्हा बैलगाड्या होत्या. लाकडी चाकं, त्यांना लोखंडी पट्टीची धाव. ऊस भरलेल्या गाड्या रांगेनं एकाच वाटेनं जायच्या, आणि पंधरवड्यात त्या वाटेला दोन खोल चाकोऱ्या पडायच्या. दोन चाकोऱ्यांच्या मधे जी माती उरायची ती उंच उठून दगडासारखी व्हायची. रानात उसाला सरी-वरंबा पाडतात, तसंच ते दिसायचं. म्हणून त्याला आम्ही वरंबाच म्हणायचो. बैलगाडी वरंब्यावरून सहज जाते, तिचं पोट उंच असतं. अडचण व्हायची मोटारीची.

त्या काळी आमच्या भागात मोटारी दोनच प्रकारच्या. मोठी गाडी आणि छोटी गाडी. कंपन्यांची नावं पेठेतल्या माणसांना ठाऊक. खेड्यात नुसतं मोठी आणि छोटी. मोठी पुढाऱ्यांची, कारखान्याच्या मंडळींची. छोटी डॉक्टरांची, वकिलांची, एखाद्या हौशी बागायतदाराची. छोटी गाडी रिकामी असताना जमिनीपासून सात बोटं वर असायची. पण रिकामी छोटी गाडी मी क्वचितच पाहिली. एकाच्या गाडीत पाच-सहा जण बसायचेच, वर मांडीवर पोरं आणि डिकीत हरभऱ्याचं पोतं. मग तिची चार बोटंच उरायची.

ही बोटं मोजायला मला शिकवलं श्रीपालअण्णांनी. सांगलीजवळ कुपवाडला त्यांचा छोटा कारखाना होता. पत्र्याची शेड, तीन लेथ, एक भट्टी. ट्रॉलीचे आकडे आणि गाड्यांच्या स्प्रिंगांचे पाटे तिथं बनत. मी त्यांच्याकडे कसा आलो ते सांगायला हवं, कारण त्या उपकाराशिवाय पुढचं काही घडलं नसतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वसतिगृहात झाडलोट केली, भाजी निवडली, आणि त्या बदल्यात मला जेवण आणि शिक्षण मिळालं. आमच्या रेक्टरांनी थंडीत स्वतःची शाल माझ्या अंगावर टाकली होती, ती ऊब मी अजून विसरलेलो नाही. बी.कॉम. झालो तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गाडीच्या बैलांना गुलाल लावला. त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी नोकरीसाठी हिंडलो. शेवटी अण्णांच्या शेडमध्ये जाऊन उभा राहिलो. त्यांनी माझे कागद न बघताच परत दिले.

"लिवायला येतंय ते कळलं. इच्यारायला येतंय का?" ते म्हणाले.

मला काही समजलं नाही. मी हो म्हटलं.

अण्णांनी एक गोष्ट तयार केली होती. छोट्या गाडीच्या पुढच्या स्प्रिंगखाली बसवायची आट्यांची वाटी. आकड्याच्या पान्यानं ती फिरवली की स्प्रिंग वर सरकायची आणि गाडीचं नाक उचललं जायचं. उलटी फिरवली की खाली. मागच्या पाट्यांना तशीच एक लांब कडी, तिला वर-खाली भोकं. बोल्ट खालच्या भोकात घातला की मागची बाजू वर. एवढंच. हंगामात गाडी तीन-चार बोटं उंच करायची, हंगाम संपला की पुन्हा खाली घ्यायची. कायमची उंच का नको, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं. अण्णांनी मला त्यांच्या जुन्या दुधी रंगाच्या गाडीत बसवलं, ती उंच केली आणि मिरजेच्या रस्त्याला जोरात वळवली. माझं डोकं काचेवर आपटलं. पुन्हा मी तो प्रश्न विचारला नाही.

वाटी आणि कडी अण्णांनी हातानं घडवली होती. चालत होती. पण तशा पुष्कळ बनवायच्या तर साचे करायला हवेत, एक लेथ त्याच कामाला लावायला हवा, म्हणजे पाट्यांचं नेहमीचं काम सोडायला हवं. आणि ते वर्ष मोटारींचं नव्हतंच. आदल्याच वर्षी पेट्रोल एकदम महागलेलं, लोक गाड्यांवर ताडपत्र्या टाकून सायकली काढत होते. पेठेतले त्यांचे मित्र त्यांना वेड्यात काढत होते. अण्णांनी मला गुढीपाडव्यापर्यंत मुदत दिली. सातारा आणि सांगली, दोन्हीकडे छोट्या गाड्यांचे मालक शोधायचे, त्यांना हे हवं आहे का ते विचारायचं. हवं असलं तर साचे, आणि मला कायमचं काम. नसलं तर त्यांनी पाटे बनवायचे आणि मी गावी परतायचं.

गावी परतणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. आबांच्या शेजारी गाडीवर बसणं. त्यात कमीपणा नव्हता. पण मी शिकावं म्हणून ज्यांनी इतकं केलं त्यांना मी काय दाखवणार होतो? मी मनाशी ठरवलं, हे काम तडीला न्यायचं.

पहिला महिना फार गोड गेला. अगदी शब्दशः. एक दार सोडलं तर मी जिथं जिथं गेलो तिथं चहा मिळाला, आणि हंगामातला चहा म्हणजे नव्या गुळाचा. एसटीनं जायचं, फाट्यावर उतरायचं, धुळीतून चालत वाडीत शिरायचं. घराच्या पुढच्या सोप्यावर घोंगडं अंथरलं जायचं. मी वाटी दाखवायचो, कडी दाखवायचो, ते हातात घेऊन वजन बघायचे. मग म्हणायचे, "झ्याक हाय की. घिऊ की." कराडजवळच्या एका तात्यांनी तर दोन गाड्यांना बसवू म्हटलं, त्यातली दुसरी त्यांनी अजून घेतलेली नव्हती. त्यांच्या आई, नव्वदीला टेकलेल्या, आतल्या खोलीतून कुणाचं पोरगं आलंय म्हणून विचारत होत्या. निघताना त्यांनी माझ्या पिशवीत शेंगा भरायला लावल्या.

तोंडावर स्पष्ट नकार मिळाला तो साताऱ्यात. शनिवार पेठेत एक वकील होते. वर्षानुवर्षं नंबर लावून त्यांना नवी छोटी गाडी मिळाली होती. सीटवरचं प्लॅस्टिक अजून तसंच होतं, त्यावर बसलं की करकर आवाज व्हायचा. त्यांनी मला गाडीपाशी नेलं, अंगातला कोट काढून ठेवला आणि मला खाली वाकायला सांगितलं.

"तो नट दिसतो? त्याच्यावर पिवळा ठिपका आहे."

मी दिसतो म्हटलं.

"कंपनीत बसवला तेव्हाचा ठिपका आहे तो. अजून कुणाचा पाना त्याला लागलेला नाही. तुमची कल्पना उत्तम आहे. दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीला करा."

परतीच्या एसटीत मी त्यांच्यावर चिडलो होतो. आज वाटतं, त्या महिन्यात माझ्याशी खरं बोललेले ते एकटेच.

कारण पुढं असं झालं. माझ्याकडे इतके होकार जमले की अण्णांना राहवेना. त्यांनी एक रविवार ठरवून सगळ्यांना निरोप धाडले: गाडी घेऊन या, हातानं घडवलेले संच आहेत ते आधी तुम्हालाच बसवतो. सकाळी शेडपुढं पाणी मारलं. पेढे आणले. कामगार सुट्टीच्या दिवशी आले. आम्ही रस्त्याकडे तोंड करून बसलो. बाजारातल्या नव्या हळदीचा वास वाऱ्यावर येत होता. अकरा वाजले, बारा वाजले. एक छोटी गाडी लांबून येताना दिसली, सगळे उठून उभे राहिले, ती न थांबता मिरजेकडे गेली. दुपारी अण्णांनी पेढे कामगारांना वाटून टाकले.

अण्णा रागावले नाहीत. म्हणाले, "तू त्यांच्या घरात बसून इच्यारलास न्हवं? आपल्याकडं घरात आलेल्याला कोण न्हाई म्हंतंय का रं? चा देतील, शेंगा देतील, हो पण देतील. पैसे दीन म्हणणारा गिऱ्हाईक न्हवं. ऐन हंगामात जो दोन दिवस आपल्याकडं गाडी सोडून जाईल, त्यो गिऱ्हाईक."

हे मला कळायला हवं होतं. मी त्याच मातीतला. आमच्या घरी एकदा पत्रा विकणारा आला होता, तेव्हा आईनं त्याला जेवू घातलं आणि सगळ्या घरावर पत्रा घालू म्हणून सांगितलं. आजही आमच्या त्या घरावर कौलंच आहेत. पाहुण्याचा पाय उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत त्याचं मन मोडायचं नाही, ही आमची रीत. ती रीत मी पदवीच्या पुस्तकांतून बाहेर येऊन बाजाराचा कौल समजलो.

मग घरात विचारायचं नाही, हे ठरलं. विचारायचं ते जिथं गाडी घासते तिथं. अण्णांच्या माहितीत असे रस्ते पुष्कळ होते. मी निवडला तो आमच्या गावच्या फाट्यावरून कारखान्याकडे जाणारा. एकतर तिथला पंधरा-वीस पावलांचा वरंबा सगळ्यांत वाईट होता. आणि दुसरं, रात्री मला घरी जाऊन झोपता येणार होतं. त्याची एक किंमत होती. त्याच रस्त्यानं माझे आबा रोज ऊस नेत होते.

पहिल्या दिवशी आबांची गाडी आली. त्यांनी कासरा ओढला. मी कशासाठी उभा आहे ते त्यांना आदल्या रात्री सांगितलं होतं. त्यांनी वरंब्याकडे पाहिलं, माझ्या इस्त्रीकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्हंजे आमी वाट उकरायची, आन् तुमी त्यावर दुकान काढायचं व्हय?"

मागच्या गाड्यांवरचे सगळे हसले. मीही हसलो. पण गाडी पुढं गेल्यावर माझे कान तापलेले मला जाणवले. त्या दिवसापासून गाडीवानांना चाळा मिळाला. येणारा प्रत्येक जण विचारायचा, "काय बी.कॉम., आज किती घासल्या?" कुणी उसाचं कांडं फेकायचा, घ्या, हजेरी म्हणून. एक जण रोज मला सांगायचा की त्याच्या बैलांनाही उंच करून हवंय. मी कांडं खात उभा राहायचो. सकाळी थंडीनं दात वाजायचे, दुपारी धुळीनं पापण्या जड व्हायच्या, संध्याकाळी आई शर्ट झटकायची तेव्हा अंगणात माती उडायची. मी हटलो नाही. हट्ट हा एकच गुण माझ्याकडे पुरेसा होता.

आणि तिथं उभा राहून मला जे दिसलं ते एकाही सोप्यावर दिसलं नसतं. छोटी गाडी वरंब्यापाशी यायची आणि थांबायची. ड्रायव्हर काही म्हणायचा नाही. दारं उघडायची आणि माणसं आपणहून उतरायची. म्हातारे काठी टेकत, बाया पदर सावरत आणि पोरांना काखेत घेत, एखादा नवरदेव मुंडावळ्या धरून. सगळे रांगेनं चालत वरंब्याच्या पार जायचे. रिकामी गाडी चार बोटांची सात बोटं व्हायची आणि हळूहळू पलीकडे यायची. दारं पुन्हा उघडायची, सगळे पुन्हा बसायचे. कुणी कपाळाला आठी घालायचं नाही. बोलणं जिथं तुटलं होतं तिथून सुरू व्हायचं.

मी त्यांना विचारायचो, गाडी घासण्याचा त्रास होतो का. ते मोकळेपणानं सांगायचे, "कसला तरास? उतरायचं नि चढायचं." हे खरं बोलणं होतं. अण्णांची वाटी जे काम करणार होती ते काम आमच्या मुलखातली माणसं कधीपासून पायांनी करत आली होती, तेही फुकट आणि हसतमुखानं. गाडी उंच करायची कशाला, माणसं खाली उतरतात की.

हे कळलं तेव्हा मी वरंब्यावरच बसून घेतलं. उतरण्याची इतकी सवय असलेल्या लोकांना मी काय विकणार होतो? आबा एसटीत जागा असली तरी दाराशी उभे राहत, कुणी शिकलेला चढला तर बाजूला होत. कारखान्याच्या हापिसात खुर्ची पुढं केली तर जमिनीवर बसत. अशा माणसांना न उतरण्याची गरज वाटावी तरी कशी? त्या रात्री मी आईला सांगितलं की पाडव्यानंतर मी बहुतेक घरीच असेन. तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि म्हणाली, "पाडवा हाय की अजून." सकाळी तिनं शर्टाला इस्त्री केली. इस्त्री म्हणजे तांब्यात निखारे घालून फिरवणं. मी पुन्हा जाऊन उभा राहिलो.

त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाई आल्या. कारखान्याजवळच्या वाडीत त्यांचा दवाखाना होता. जुनी, कितव्या तरी हाताची, दार दोरीनं बांधलेली छोटी गाडी त्या स्वतः चालवत, आणि बाया त्यांना बघायला घराबाहेर येत. पहिल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी चहा दिला नव्हता, बसायलाही सांगितलं नव्हतं. वेळ नाही एवढंच म्हणाल्या होत्या. मी त्यांना नकारात धरलं होतं.

गाडी वरंब्यापाशी थांबली. पुढच्या सीटवरून एक म्हातारी उतरली. मागून एक माणूस उतरला. मागचं दुसरं दार उघडलं नाही. तिथं एक बाई आडवी होती, दिवस भरलेली, तोंडात पदराचा बोळा धरून. तिला मिरजेला मोठ्या दवाखान्यात न्यायचं होतं. तिला उतरा म्हणणं शक्यच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी वरंब्याकडे पाहिलं, गिअर टाकला आणि गाडी घातली. मधोमध आल्यावर खालून खर्रकन आवाज झाला आणि गाडी पोटावर बसली. मागची चाकं चाकोरीत नुसती फिरू लागली.

मागं ऊस टाकून परतणाऱ्या गाड्यांची रांग होती. कुणी कुणाला हाक मारली नाही. गाडीवान उड्या टाकून आले. आबाही आले. त्यांनी डोक्याचं मुंडासं सोडलं, घडी करून खांद्यावर ठेवलं आणि खांदा गाडीच्या मागच्या बाजूला लावला. मीही लावला. आम्ही सगळ्यांनी मिळून ती गाडी, आत ती बाई असताना, उचलून पलीकडे ठेवली. रोज मला कांडं फेकणारा तो माणूस माझ्या शेजारी होता. गाडी खाली ठेवताना तो आत बघून एवढंच म्हणाला, "भिऊ नगंस, ताई."

म्हातारी आणि तो माणूस घाईनं चढले. डॉक्टरीणबाईंनी सुरू केलेली गाडी तशीच ठेवून काच खाली केली. त्यांनी मला ओळखलं होतं.

"तुम्ही ती वाटी घेऊन आला होतात ना? गाडी किती दिवस ठेवावी लागेल?"

मी म्हटलं, "दोन."

"सोमवारी आणून सोडते. दोन दिवस सायकलवर जाईन."

धुरळा उडाला आणि त्या गेल्या. त्या बाईला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, असं पुढं कानावर आलं. मी मात्र तिथंच उभा होतो. अण्णांनी सांगितलेलं गिऱ्हाईक, दोन दिवस गाडी सोडून जाणारं, मला भेटलं होतं, तेही न विचारता. आणि मी इतके दिवस चुकीचं विचारत होतो, हेही तेव्हाच लक्षात आलं. गाडी उंच करायची का, हा प्रश्नच नव्हता. तुमच्या गाडीत असं कोण बसतं, ज्याला उतरता येत नाही?

दुसऱ्या दिवसापासून मी हे विचारत निघालो. घरी, रस्त्यावर, दवाखान्याच्या दारात, सगळीकडे. आता चहाचं भय राहिलं नव्हतं, कारण या प्रश्नाला कुणी पाहुणचार म्हणून उत्तर देत नाही. पुष्कळांनी विचार करून सांगितलं, कुणी नाही बाबा. मी नमस्कार करून पुढं जायचो. पण कराडचे तात्या, दोन गाड्या सांगणारे, आतल्या खोलीकडे बघू लागले. मग म्हणाले, "आईला हंगामभर कुटं न्हेता येत न्हाई. मागच्या साली तिच्या भावाच्या मातीला बी न्हेता आली न्हाई. गाडी दारात हुती. उचलून न्ह्याची तर ती वराडती." ते आत गेले आणि गाडीची किल्ली आणून माझ्या हातावर ठेवली. मला चालवता येत नाही म्हटल्यावर स्वतः कुपवाडला आले.

सांगलीच्या एसटी स्टँडवर हमीदभाई भाड्यानं छोटी गाडी चालवायचे, खेड्यातले आजारी मिरजेला पोचवायचे. ते म्हणाले, माझ्या गाडीत उतरणारं कोण बसतंय ते सांगा. फौजेतून पाय गमावून आलेल्या एका सुभेदारांनी गाडी सोडली आणि जाताना मला सलाम ठोकला. मी गोंधळून नमस्कार केला. अण्णांच्या नावानं साताऱ्याच्या वकिलांचं पोस्टकार्ड आलं. त्यांच्या पत्नीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. तुमच्या माणसाला पाठवा, पण नटावरचा पिवळा ठिपका पुन्हा रंगवून द्यावा लागेल, असं त्यांनी लिहिलं होतं. अण्णांनी खरंच पिवळ्या रंगाची डबी आणून ठेवली.

फार नव्हते. पहिल्या महिन्यातल्या होकारांपुढं मूठभरच. पण त्या मूठभरांच्या गाड्या ऐन हंगामात अण्णांच्या शेडपुढं उभ्या राहिल्या, आणि त्यांचे मालक एसटीनं, सायकलीनं, चालत घरी गेले. अण्णा सकाळी आल्यावर आधी त्या गाड्यांमधून एक फेरी मारायचे. पाडव्याला शेडपुढं गुढी उभी केली तेव्हा तिच्या पायाशी कडुनिंबाच्या डहाळीजवळ एक नवा साचा ठेवला होता. मी वाकून नमस्कार केला. अण्णांनी माझ्या हातावर गूळ-लिंब ठेवला आणि म्हणाले, "आता तुला हापिसात खुर्ची घालाय पायजे. पण लय बसू नको तिच्यावर."

पुढं कितीतरी वर्षं आम्ही ते संच बनवले. मग रस्ते डांबरी झाले, नव्या गाड्या आल्या, बैलगाड्यांना रबरी टायर बसले. वरंबे गेले आणि आमची वाटीही गेली. त्याचं मला दुःख नाही. गरज संपली म्हणून गेली. त्या कामानं मला घर दिलं, मुलांना शाळा दिली, आणि विचारावं कसं हे शिकवलं.

पण हंगामाचा वास आला की मला यातलं काही आधी आठवत नाही. आठवते ती पाडव्यानंतरची एक संध्याकाळ.

कारखान्याचा शेवटचा भोंगा झाला होता. आबांनी बैल धुऊन सोडले होते. अण्णांनी त्यांना शेड बघायला बोलावलं, नवा साचा दाखवला, आणि मग दुधी गाडीतून गावी सोडतो म्हणाले. आबा कधी मोटारीत बसले नव्हते. धोतर आवरून, चपला हातात घेऊन ते मागच्या सीटवर टोकाला बसले. मी शेजारी बसलो. पुढं अण्णांच्या जोडीला आमच्याच गावचे दोघे. गाडी भरलेली होती. अण्णांनी ती उंच केलेलीच ठेवली होती. आबा वाटभर खिडकीतून शेतं बघत होते, कुणी तोडलेल्या उसाची खोडवी राखली, कुणी पाचट पेटवलं. फाटा आला. वरंबा दिसला.

आबांनी चपला खाली टाकल्या, पायांत सरकवल्या आणि दाराच्या कडीला हात घातला. अण्णांनी वेग कमी केला नव्हता, तरी आबांचा हात कडीवरच होता. पहिल्यांदाच मोटारीत बसले, तरी उतरायचं हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"आबा, बसा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गाडी वरंब्यावर चढली. आम्ही दोघंही खालचा आवाज ऐकायला कान देऊन बसलो. तो आला नाही. पलीकडे उतरल्यावर आबांनी मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं. त्यांनीच पाडलेल्या चाकोऱ्या धुरळ्यात लांब जात होत्या. मग ते सरकून सीटला पाठ टेकून बसले, आणि घर येईपर्यंत तसेच बसून राहिले.